विश्लेषण : निजामपुऱ्यातून किब्ला नेमका कुठे? नक्षीदार किब्लानुमा, मोबाइलची सुई आणि दहा अंशांचा हिशेब

भिवंडीतल्या कुठल्याही यंत्रमाग कारखान्यात पाच मिनिटांत करून पाहता येईल असा एक प्रयोग आहे. मोबाइलमध्ये किब्ला दाखवणारे अ‍ॅप उघडायचे. कारखान्याबाहेर मोकळ्या जागेत उभे राहून बाण कुठे स्थिरावतो ते पाहायचे. मग तोच मोबाइल हातात धरून दोन मागांच्या मधल्या बोळात शिरायचे. बाहेर शांत असलेला बाण आत आला की भरकटतो. दोन पावले पुढे गेले की तो वेगळीच दिशा दाखवतो, मागे आले की तिसरीच. मोबाइल बिघडलेला नसतो आणि अ‍ॅपही खोटे नसते. भोवती ओतीव लोखंडाचे माग आणि विजेच्या मोटारी असतात, आणि मोबाइलच्या पोटातली चुंबकसूची त्यांच्यापुढे गांगरते.

पाळीच्या मधल्या वेळेत मागाशेजारीच जानमाज अंथरणाऱ्या कामगाराला हा प्रश्न रोजचा आहे. घर बांधणाऱ्यालाही तो पडतो, कारण शौचालयाचे तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे नको असते. कबर खोदतानाही तो येतो. आपल्याकडे डोके उत्तरेला ठेवून उजव्या कुशीवर दफन करतात, म्हणजे चेहरा किब्ल्याकडे राहतो. नवी मशीद बांधताना तर पहिली दोरी याच रेषेवर ताणली जाते.

भिवंडीत याचे उत्तर पिढ्यान् पिढ्या एका शब्दात दिले गेले आहे : पश्चिम. हे उत्तर चुकीचे नाही, पण नेमकेही नाही.

किब्ला म्हणजे काय?

मक्केतल्या काबागृहाची दिशा म्हणजे किब्ला. सुरुवातीला मुस्लीम जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. हिजरतीनंतर, साधारण इ. स. ६२४ मध्ये, ही दिशा मक्केकडे वळवण्यात आली. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यातील १४४वी आयत त्याबद्दल आहे. मशिदीच्या ज्या भिंतीत मिहराबचा कोनाडा असतो ती किब्ल्याची भिंत, आणि नमाजींच्या रांगा, म्हणजे सफ, तिला समांतर असतात.

ही दिशा दाखवणाऱ्या साधनाला फारसी-उर्दूत किब्लानुमा म्हणतात. साध्या होकायंत्राला उर्दूत कुतुबनुमा म्हणतात, म्हणजे ध्रुव दाखवणारे. दोन्ही शब्द घडले एकाच पद्धतीने, पण काम वेगळे. कुतुबनुमा जगात कुठेही उत्तरच दाखवतो. किब्लानुम्याला मात्र आपण कोणत्या गावात उभे आहोत हे आधी ठाऊक असावे लागते. गाव बदलले की उत्तर बदलते. या साधनाची सगळी गंमत आणि सगळी अडचण इथेच आहे.

निजामपुऱ्यातून कोन किती?

भिवंडीचे अक्षांश साधारण १९.३ अंश उत्तर आणि रेखांश ७३ अंश पूर्व. काबागृह २१.४२ अंश उत्तर आणि ३९.८३ अंश पूर्वेला आहे. गोलावरच्या त्रिकोणाचे सूत्र लावले तर निजामपुऱ्यातून किब्ला उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजून सुमारे २८० अंशांवर येतो. बरोबर पश्चिम म्हणजे २७०. म्हणजे किब्ला पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेला कललेला आहे. अंतर साडेतीन हजार किलोमीटरांच्या जरासे आत.

दहा अंश हा आकडा खोलीत ठेवून पाहिला की समजतो. एखादी खोली बरोबर पूर्व-पश्चिम असेल, तर तिच्यात दहा फूट पश्चिमेला जाताना किब्ल्याची रेषा सुमारे २० इंच उत्तरेला सरकते. पायाजवळची फरशी आणि समोरच्या भिंतीजवळची फरशी यांच्यात पावणेदोन फुटांचा फरक. हीच रेषा अरबी समुद्र ओलांडून पुढे नेली तर? निजामपुऱ्यातून नाकासमोर पश्चिमेला निघालेली रेषा मक्केच्या रेखांशावर पोहोचते तेव्हा ती मक्केच्या साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दक्षिणेला, लाल समुद्रात, एरिट्रियाच्या किनाऱ्यासमोर असते.

मक्का तर आपल्यापेक्षा जेमतेम दोन अंश उत्तरेला आहे, मग दहा अंश कसे? सपाट नकाशा डोक्यात ठेवला की इथेच गडबड होते. नागपूरचे उदाहरण घेतले तर ती सुटते. नागपूर आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. भिंतीवरच्या नकाशात नागपूरहून मक्केला पट्टी लावली तर ती बरोबर पश्चिमेला जाते. पण घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर नागपूर ते मक्का दोरा ताणून पाहावा. दोरा मध्ये उत्तरेकडे फुगतो आणि नागपूरहून निघताना पश्चिमेच्या सुमारे ८ अंश उत्तरेला निघतो. गोलावरची सर्वात जवळची वाट अशीच असते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान उत्तरेकडून वळसा घालताना दिसते, त्याचे कारणही हेच.

महाराष्ट्रात सगळीकडे हा कल सारखा नाही. रत्नागिरीत तो १३ अंशांच्या पुढे जातो. उत्तरेकडे गेले की कमी होतो, आणि आग्र्यात किब्ला जवळपास बरोबर पश्चिमेलाच येतो. दिल्लीत तर तो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला झुकतो.

भिवंडीसाठी ही बाब महत्त्वाची आहे. इथल्या विणकर वस्तीचा मोठा भाग १८५७ नंतरच्या काळात उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमिन-अन्सारी कुटुंबांचा. आझमगडच्या पट्ट्यात किब्ला पश्चिमेपासून तीन अंशही हललेला नाही. तिथे ‘सीधा मगरिब’ हे उत्तर अगदी चोख होते. तीच सवय बाराशे-तेराशे किलोमीटर दक्षिण-पश्चिमेला आली तेव्हा तिच्यात दहा अंश शिरले. यात कोणाचा दोष नाही, जागा बदलली एवढेच.

होकायंत्र नव्हते तेव्हा

मावळतीकडे पाहत असत. मगरिब या शब्दाचा अर्थच मावळतीची जागा, आणि संध्याकाळच्या नमाजाचे नावही तेच. पण सूर्य रोज एकाच ठिकाणी मावळत नाही. भिवंडीत तो जूनमध्ये पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला मावळतो. या ५० अंशांच्या पट्ट्यात किब्ल्याच्या जागी तो वर्षातून दोनदा येतो. एकदा एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या आसपास, आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या अखेरीस. तेराव्या-चौदाव्या एप्रिलला गच्चीवरून मावळता सूर्य जिथे टेकतो ती खूण लक्षात ठेवली, तर अंशभराच्या आत किब्ला मिळतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त मोकळे क्षितिज लागते. भिवंडीत तेच दुर्मीळ झाले आहे, हा भाग वेगळा.

अरब आणि इराणी खगोलज्ञांनी नवव्या शतकापासून हा प्रश्न गणिताने सोडवायला घेतला. आपल्याकडे भारतावरच्या ग्रंथामुळे माहीत असलेल्या अल-बेरुनीने इ. स. १०२५ च्या सुमारास गझनी शहराचा किब्ला काढण्यासाठी एक सबंध ग्रंथ लिहिला. त्याची खरी झटापट सूत्राशी नव्हती, रेखांशाशी होती. अक्षांश ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून कळतो. रेखांशासाठी दोन गावांतून एकच चंद्रग्रहण पाहून वेळेतला फरक काढावा लागे, नाहीतर तांड्यांच्या प्रवासाची अंतरे जमवावी लागत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या अल-खलीलीने वेगवेगळ्या अक्षांश-रेखांशांसाठी किब्ल्याचे तयार कोष्टक बनवले. मोठ्या मशिदींत नमाजाच्या वेळा ठरवणारा जाणकार नेमलेला असे, त्याला मुवक्कित म्हणत. अल-खलीली त्यांतलाच.

चुंबकसूचीचा किब्ल्यासाठी वापर सांगणारे सुरुवातीचे लेखन येमेनच्या एका सुलतानाचे आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस अल-अश्रफ याने पाण्याच्या भांड्यात तरंगणाऱ्या सुईचे वर्णन केले. सुलतान स्वतः खगोलशास्त्रात रमणारा होता. दमास्कसच्या उमय्यद मशिदीतील इब्न अल-शातिरने १३६५-६६ मध्ये एक छोटी पेटी घडवली. तिच्यात छायायंत्र आणि चुंबकसूची एकत्र होते, म्हणजे वेळ आणि दिशा एकाच झाकणाखाली.

नक्षी कशासाठी?

संग्रहालयांत आज दिसणारे किब्लानुमे पाहिले की आधी नक्षीच डोळ्यांत भरते. कोरीव पितळ, वेलबुट्टी, वळणदार अक्षरे, रंगवलेले लाकडी झाकण. इस्तंबूलमध्ये १७३८ मध्ये बनलेल्या पेट्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूस मक्केचे रंगीत चित्र आहे. ही साधने वजीर-सरदारांना भेट दिली जात, दिवाणखान्यात मांडली जात. पण नक्षी दिसली म्हणून ती शोभेची वस्तू समजणे घाईचे ठरेल.

याचा उत्तम दाखला लंडनच्या लिलावात पुढे आला. १९८९ मध्ये सदबीजकडे एक पितळी तबकडी विक्रीला आली. ती तळहातापेक्षा थोडी मोठी, सुमारे साडेबावीस सेंटीमीटर व्यासाची. मध्यभागी मक्का आणि भोवती स्पेनपासून चीनपर्यंतच्या पट्ट्यातली दीडशेच्या आसपास ठिकाणे. सतराव्या शतकातल्या इस्फहानची ही कारागिरी. १९९५ मध्ये तशीच दुसरी तबकडी सापडली. इतिहासकार डेव्हिड किंग यांनी त्यांवर १९९९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला.

तबकडीची करामत तिच्या जाळीत आहे. रेखांशाच्या रेषा उभ्या आणि समांतर, अक्षांशाच्या रेषा मात्र वक्र. ही वक्रता अशी बेतलेली आहे की मधल्या खिळ्याभोवती फिरणारी पट्टी आपल्या गावाच्या टिंबावर आणली की काठावर किब्ल्याचा कोन आणि पट्टीवर मक्केचे अंतर थेट वाचता येते. आकडेमोड शून्य. वर नागपूरच्या दोऱ्याची जी भानगड सांगितली, ती कारागिराने रेषेच्या वळणातच मिटवून टाकली आहे. पाश्चात्त्य नकाशाशास्त्रात अशाच हेतूचा नकाशा इजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातल्या जेम्स क्रेग यांनी १९०९ मध्ये मांडला. त्याला ‘मक्का प्रक्षेपण’ असेच नाव पडले. इस्फहानची तबकडी त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीची, आणि किंग यांच्या मते तिच्यामागचे गणित त्याहूनही कित्येक शतके जुने असावे.

भारतातही ही विद्या होती. हुमायूनच्या काळापासून लाहोरमध्ये उस्ताद अलाहदादच्या घराण्याच्या चार पिढ्यांनी पितळी अ‍ॅस्ट्रोलेब घडवले. अशा यंत्रांच्या आतल्या पत्र्यावर शहरांची यादी कोरलेली असते. नाव, रेखांश, अक्षांश, आणि काहींवर किब्ल्याचा कलही.

मर्यादा एकच होती : यंत्र कितीही देखणे असो, त्यात कोरलेला रेखांश चुकला असेल तर उत्तरही चुकणार. पितळेवर कोरलेली चूक दुरुस्तही होत नाही.

आजचा किब्लानुमा

जानमाज, तसबीह आणि अत्तर विकणाऱ्या दुकानांत आज जे गोल डबीतले किब्लानुमे मिळतात, ते या घराण्याचे धाकटे वंशज. यातल्या एका प्रचलित प्रकारात वर्तुळाचे ४० भाग असतात, प्रत्येक भाग ९ अंशांचा. सोबतच्या पुस्तिकेत शहरांपुढे क्रमांक दिलेला असतो. सुई त्या क्रमांकावर आणली की बाण किब्ल्याकडे वळतो. घोटाळा पुस्तिका हरवल्यावर होतो. क्रमांक देण्याची रीत प्रत्येक बनावटीत सारखी नसते, त्यामुळे एका डबीचा क्रमांक दुसरीवर वापरला की दिशा भलतीकडे जाते. जानमाजातच शिवलेल्या सुईचे तर विचारूच नका, ती पाहायची हौसेपुरती. शिवाय ९ अंशांची एक पायरी म्हणजे आपल्या दहा अंशांच्या प्रश्नाएवढीच.

मोबाइल अ‍ॅपची गोष्ट उलटी आहे. त्यातला हिशेब अचूक असतो. उपग्रहावरून तुमची जागा कळते, सूत्र क्षणात सुटते. गुगलनेही २०१७ च्या रमजानमध्ये स्वतःचा किब्ला शोधक आणला. कच्चा दुवा आहे तो उत्तर ओळखणारा चुंबकीय सेन्सर. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या थोडे वर आहे, म्हणजे फारच क्षीण. फ्लिप कव्हरमधला चिमुकला चुंबक जवळून याच्या शंभरपट सहज भरतो. स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कपाट, पंख्याची मोटर, स्कूटर हे सगळे त्यात ढवळाढवळ करतात. क्षेत्राचा आकडा दाखवणारे अ‍ॅप असेल आणि आकडा ४०-४५ च्या फार वर किंवा खाली गेला, तर तिथला बाण मानू नये. हवेत आठच्या आकड्यासारखा मोबाइल फिरवल्याने सेन्सर ताळ्यावर येतो, शेजारचा माग मात्र तिथेच राहतो.

लोखंडापुढे सुईची ही हतबलता जुनी आहे, आणि तिचा एक मोठा किस्सा भिवंडीपासून फार दूर नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजले जात होते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली मोजणी बिघडणार हे उघड झाले. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली, तीही लोखंड टाळून. दोन वर्षे दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या आणि मग काम अलिबागला हलवले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची ही वेधशाळा आजही चालू आहे. सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत काही ठिकाणी दहा-वीस अंशांचाही फरक असतो. मुंबई परिसरात तो सध्या एका अंशाहूनही कमी आहे. तेवढ्यापुरती भिवंडी नशीबवान. इथे पृथ्वी सुईला फसवत नाही, फसवतात ते माग.

मग नमाज चुकली का?

नाही. इथे गणिताइतकेच धर्मशास्त्र पाहावे लागते. हनफी परंपरेत मक्केपासून दूर असलेल्यांना काब्याची ‘दिशा’ पुरेशी आहे. दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत फरक असला तरी नमाज ग्राह्य धरतात. शाफई परंपरेत मात्र दूर असतानाही शक्य तितका नेमका काब्याचाच रोख धरावा, हे मत प्रबळ आहे. भिवंडीत दोन्ही परंपरा एकत्र नांदतात. जुने कोकणी मुस्लीम शाफई, आणि उत्तरेकडून आलेले विणकर बहुतांशी हनफी. म्हणजे दहा अंशांच्या प्रश्नाकडे पाहण्याची नजर एकाच मोहल्ल्यात दोन असू शकते. प्रामाणिक प्रयत्न करूनही दिशा कळली नाही, तर मनाचा कौल घेऊन नमाज पढण्याची मुभा दोन्हीकडे आहे.

४५ अंशांची सवलत लावून पाहिली तर जुन्या लोकांचा ठोकताळा चकित करतो. भिवंडीत डिसेंबरमधली मावळती किब्ल्यापासून सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३५ अंश दूर जाते. जूनमध्ये हा फरक १५ अंशांचा. वर्षातल्या कोणत्याही दिवशी ‘मावळतीकडे तोंड’ केले तरी हनफी मर्यादा मोडत नाही. होकायंत्र नसलेल्या काळात याहून सोपा नियम कोणता असणार?

हा गुंता फक्त भिवंडीचा नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने मार्च २०१० मध्ये किब्ला पश्चिमेला असल्याचे सांगितले. काही महिन्यांतच तिला दुरुस्ती करून वायव्येकडे वळायला सांगावे लागले, कारण सरळ पश्चिमेला सोमालिया-केनिया येत होते. मशिदी पाडायची गरज नाही, फक्त सफ वळवा, असेही तेव्हा सांगण्यात आले. २००९ मध्ये तर खुद्द मक्केतल्या सुमारे २०० जुन्या मशिदींचा रोख चुकल्याच्या बातम्या आल्या होत्या. उंच इमारतींवरून खाली पाहिल्यावर ते लोकांच्या लक्षात आले.

सुईशिवाय खात्री कशी करायची?

मे महिन्यात मराठी वर्तमानपत्रांत शून्य सावलीच्या दिवसाच्या बातम्या येतात. मक्काही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथेही सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथून सूर्य दिसतो, तिथून सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा. भारतीय वेळेनुसार हा क्षण २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलै रोजी २ वाजून ५७ मिनिटांनी येतो. लीप वर्षात एक दिवस आधी.

जुलैमध्ये भिवंडीवर ढग असतात, त्यामुळे भरवसा मेचा. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची. २ वाजून ४८ मिनिटांनी तिची सावली सुमारे ६० सेंटीमीटर लांब पडेल. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुंध्याकडे खडूने रेघ ओढायची आणि ती तशीच पुढे वाढवायची. तो किब्ला. दोन-चार मिनिटे इकडेतिकडे झाली तरी फारसे बिघडत नाही, एखाद-दुसरा दिवस पुढेमागे झाला तरीही नाही.

मेपर्यंत थांबायचे नसेल तर मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडून उत्तर वर ठेवायची आणि आपल्या इमारतीची भिंत शोधायची. भिंत पूर्व-पश्चिम रेषेशी किती तिरकी आहे ते शाळेतल्या कोनमापकाने पडद्यावरच मोजता येते. त्यावरून पश्चिमेच्या वर दहा अंशांची रेघ मारायची. छतावरची दिशा नकाशावरून घेतली की सळया आणि मोटारींचा प्रश्नच येत नाही. मग ती रेघ दोरी लावून खाली कारखान्यात उतरवायची आणि दोन मागांच्या मधल्या जमिनीवर रंगाने एक पट्टा मारून ठेवायचा, म्हणजे प्रत्येक पाळीला मोबाइल काढावा लागत नाही.